तीस लाख भाषक असूनही गोंडी धोक्यात कशी?

पहिलीच्या वर्गात किती भाषा शिकवाव्यात, यावर २०२५ साली महाराष्ट्रात मोठा वाद झाला. एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून शिकवण्याचा शासन निर्णय निघाला, जूनमध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि जून संपण्यापूर्वी दोन्ही निर्णय मागे घेण्यात आले. सहा-सात वर्षांच्या मुलावर घरी न बोलल्या जाणाऱ्या भाषेचे ओझे टाकू नये, हा त्या वादातला सर्वांत वजनदार मुद्दा होता. तो एकदा मान्य केला, की गडचिरोलीच्या भामरागड, एटापल्ली किंवा धानोरा तालुक्यातल्या माडिया-गोंडी घरातल्या आणि यवतमाळच्या झरी जामणी-मारेगाव भागातल्या कोलामी घरातल्या मुलालाही तो लागू होतो. फरक इतकाच, की या मुलाच्या बाबतीत घरी न बोलली जाणारी भाषा म्हणजे मराठी. त्याची घरची भाषा कोणती, तिची आजची अवस्था काय आणि अशा भाषा टिकतात किंवा विरतात त्यामागे कोणती कारणे काम करतात, हे या लेखात पाहायचे आहे.

## द्रविड म्हणजे केवळ दक्षिण नव्हे

एकाच प्राचीन भाषेपासून फुटत गेलेल्या भाषांच्या समूहाला भाषाकुळ म्हणतात. मराठी, हिंदी, बंगाली या आर्य कुळातल्या, तर तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम या द्रविड कुळातल्या. दक्षिणेतल्या या भाषा संस्कृतापासून निघालेल्या नसून त्यांचे कुळ वेगळे आहे, हे फ्रान्सिस एलिस या मद्रासमधील अधिकाऱ्याने १८१६ साली मांडले आणि १८५६ साली रॉबर्ट काल्डवेल यांनी त्याची व्याकरणाच्या अंगाने सविस्तर मांडणी केली. शाळेत आपण जे शिकतो ते साधारण इथवर येऊन थांबते, त्यामुळे द्रविड म्हटले की नकाशाचा खालचा भाग डोळ्यांसमोर येतो.

प्रत्यक्षात या कुळात पंचवीसच्या आसपास भाषा आहेत आणि त्यांपैकी बऱ्याच दक्षिणेबाहेर आहेत. गोंडी विदर्भ, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण आणि ओडिशात पसरलेली आहे. कुई आणि कुवी ओडिशाच्या डोंगरांत, पर्जी बस्तरमध्ये, कुडुख झारखंड-छत्तीसगडमध्ये, तर माल्तो राजमहालच्या टेकड्यांमध्ये बोलली जाते. ब्राहुई तर पाकिस्तानातल्या बलुचिस्तानात आहे. निलगिरीत तोडा आणि कोटा, कोडगूत कोडवा, मंगळूर-उडुपीकडे तुळू आहे. महाराष्ट्राच्या हद्दीत गोंडीखेरीज कोलामी आणि चंद्रपूर परिसरातली नाईकी या द्रविड भाषा आहेत.

शेजारी राहणाऱ्या भाषा एकमेकींच्या सर्वांत जवळच्या असतात असेही नाही. भाषाशास्त्रज्ञांच्या वर्गीकरणात गोंडी ही तेलुगूच्या शाखेत येते. कोलामी मात्र वेगळ्या, मध्य शाखेत येते आणि तिचे जवळचे नाते बस्तरच्या पर्जीशी आणि कोरापूटच्या गदबाशी आहे. चंद्रपूरची नाईकी सोडली, तर यवतमाळमधल्या कोलामाच्या भाषेचे सख्खे नातलग त्याच्या शेजारच्या गोंड वस्तीत नसून शेकडो किलोमीटर पूर्वेला आहेत. ही भाषा नाहीशी झाली, तर मध्य भारतात लोक कधी, कुठून कुठे सरकले हे सांगणारा पुरावाही तिच्याबरोबर जाईल, कारण त्या हालचालींची दुसरी लेखी नोंद बहुधा कुठेच नाही.

## आकडे कसे वाचायचे

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात द्रविड भाषा बोलणारे सुमारे २३ कोटी ७८ लाख लोक होते. त्यांपैकी ९६ टक्क्यांहून अधिक लोकांची मातृभाषा तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या चारांपैकी एक होती. उरलेल्या चार टक्क्यांहून कमी हिश्श्यात बाकीचे सगळे कुळ येते. त्यात गोंडीचे २९ लाख ८४ हजार, कुडुखचे १९ लाख ८८ हजार, तुळूचे १८ लाख ४६ हजार, कोयाचे ४ लाख, कोलामीचे १ लाख २८ हजार आणि कोडवाचे १ लाख १३ हजार भाषक होते. कोडवाचा आकडा २००१ साली १ लाख ६६ हजार होता. दहा वर्षांत तो इतका खाली आला.

हे आकडे वाचताना तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे मातृभाषा म्हणजे माणसाच्या बालपणी त्याची आई त्याच्याशी जी भाषा बोलत असे ती. त्यामुळे आज साठीला आलेला माणूस गोंडी भाषक म्हणून मोजला जातो. त्याच्या नातवाशी घरात कोण कोणत्या भाषेत बोलते हे त्या नोंदीतून समजत नाही. भाषकांची संख्या ही अशा रीतीने काही अंशी भूतकाळाची संख्या असते. दुसरे असे, की १९७१ पासून दहा हजारांपेक्षा कमी भाषक असलेल्या भाषा जनगणनेच्या कोष्टकांत स्वतंत्रपणे दाखवल्या जात नाहीत. जेमतेम दीड हजार लोकांची तोडा किंवा अगदी थोड्यांची नाईकी म्हणूनच तिथे दिसत नाही. तिसरे म्हणजे लोकांनी सांगितलेली नावे मोठ्या शीर्षकांखाली एकत्र केली जातात, आणि त्या एकत्रीकरणात एकसूत्रता असतेच असे नाही. माडिया गोंडीखाली मोजली जाते, पण कुडुखचाच एक प्रकार असलेली किसान स्वतंत्र मोजली जाते.

खरे चित्र दिसते ते भाषेचा आकडा जमातीच्या आकड्याशेजारी ठेवल्यावर. गोंड जमातीची लोकसंख्या एक कोटीच्या वर आहे आणि गोंडी भाषक तीस लाखांच्या आत आहेत. याचा अर्थ स्वतःला गोंड म्हणवणाऱ्या दर चार माणसांपैकी तिघांच्या घरात गोंडी आधीच थांबलेली आहे. ते हिंदी, छत्तीसगढी, मराठी किंवा तेलुगू बोलतात.

## भाषा विरते म्हणजे नेमके काय होते

एखादी भाषा बोलणारा शेवटचा वृद्ध माणूस वारला आणि भाषा संपली, अशी बातमी अधूनमधून येते. पण भाषा त्या दिवशी संपलेली नसते. ती चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी, आईवडिलांनी मुलांशी दुसऱ्या भाषेत बोलायचे ठरवले त्या दिवसांत संपलेली असते. एका पिढीकडून पुढच्या पिढीकडे भाषा घरातल्या घरात जाणे, याला भाषेचे पिढीगत संक्रमण म्हणतात, आणि युनेस्कोच्या तज्ज्ञगटाने २००३ साली भाषेचे आरोग्य तपासण्यासाठी जे नऊ निकष सुचवले त्यांत त्याला पहिले स्थान आहे. दह्याचे विरजण जसे कालच्या दह्यातूनच घ्यावे लागते, तसे हे आहे: घरात दूध कितीही असले तरी विरजण एकदा मोडले, की घरच्या घरी दही लागत नाही आणि शेजारून मागून आणलेले विरजण वेगळे असते. एक कोटी गोंड हे दूध झाले. विरजण किती घरांत शिल्लक आहे, हा प्रश्न आहे.

इथे एका गैरसमजाचे निरसन करायला हवे. भाषेत परके शब्द घुसले की ती मरू लागते, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. द्रविड भाषांचा पुरावा याच्या उलट आहे. संख्यावाचक शब्द पाहा. गोंडीच्या अनेक बोलींत एक ते सात या संख्यांसाठी मूळचे शब्द आहेत आणि पुढच्या संख्या हिंदी-मराठीतून आलेल्या आहेत. कुडुखमध्ये मूळचे शब्द चारपर्यंतच टिकले. ब्राहुईत तर फक्त तीनपर्यंत. चारपासून पुढचे शब्द तिने इराणी भाषांमधून घेतले. उसनवारी हाच मृत्यूचा निकष असता, तर ब्राहुई केव्हाच नाहीशी व्हायला हवी होती. प्रत्यक्षात २०१७ च्या पाकिस्तानी जनगणनेत तिचे सुमारे पंचवीस लाख भाषक नोंदवले गेले. शब्दसंग्रहाचा मोठा भाग उसना घेऊनही ती घराघरांत पुढे जात राहिली. याउलट एखादी भाषा शब्दांच्या बाबतीत अगदी शुद्ध राहून केवळ आजीआजोबांपुरती उरू शकते. भाषेच्या शुद्धतेची काळजी करणाऱ्यांनी ही गोष्ट मनावर घ्यावी, असे मला वाटते, मग ती भाषा गोंडी असो वा मराठी.

## राज्य होते, दरबार नव्हता

गोंडांना राज्ये नव्हती म्हणून त्यांची भाषा मागे पडली, असे म्हणता येत नाही. गढा-मंडला, देवगड, चांदा, खेरला ही गोंडांची राज्ये शतकानुशतके होती. पण राज्यकर्त्यांची जमात आणि राज्यकारभाराची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गढा-मंडल्याच्या हृदयशाह राजाने रामनगर येथे १६६७ साली आपल्या वंशाची नोंद दगडावर कोरून घेतली, ती संस्कृतात. प्रतिष्ठेचा लेख संस्कृतात आणि घरातले बोलणे गोंडीत, ही विभागणी राजवाड्यापासूनच सुरू झालेली होती. अठराव्या शतकाच्या मध्यास देवगड आणि चांदा नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेले, तेव्हा तिथे मराठीचा अंमल बसला आणि गोंडी लेखनाला शिरकाव करण्याची जागाच उरली नाही.

पुढचा मोठा फटका बसला तो १९५६ साली, आणि तो कोणाच्या वाईट हेतूमुळे बसला नाही. भाषावार प्रांतरचनेचे तत्त्व असे, की एका भाषेचे लोक एका राज्यात असावेत, म्हणजे शाळा, न्यायालये आणि कार्यालये त्या भाषेत चालवता येतील. मराठी माणसाने या तत्त्वासाठी लढा दिला आणि १९६० साली त्याचे फळ मिळवले. पण ज्या भाषेचा प्रदेश जंगलपट्ट्यात आहे आणि ज्या पट्ट्याच्या कडेने हिंदी, मराठी, तेलुगू आणि ओडिया या मोठ्या भाषांच्या सीमा येऊन मिळतात, तिला या रचनेत राज्य मिळणे शक्यच नव्हते. गोंडीचा सलग प्रदेश मध्य प्रदेश, महाराष्ट्र, आंध्र आणि ओडिशात वाटला गेला. पुढे छत्तीसगड आणि तेलंगण वेगळे झाल्यावर तुकडे आणखी वाढले. प्रत्येक राज्यात गोंडी अल्पसंख्य ठरली. एकाच भाषेतली शेजारची दोन गावे दोन वेगवेगळ्या शालेय भाषांकडे ढकलली गेली, आणि तीन पिढ्यांनंतर गडचिरोलीचा शिकलेला गोंड तरुण आणि बस्तरचा शिकलेला गोंड तरुण एकमेकांना लिहिताना हिंदीचा आधार घेतात.

तुळूचे उदाहरण याच्या शेजारी ठेवण्यासारखे आहे. तुळूचे भाषक गोंडीपेक्षा अकरा लाखांनी कमी आहेत, तिलाही राज्य नाही आणि राज्यघटनेतल्या मान्य भाषांच्या यादीत, म्हणजे आठव्या अनुसूचीत, स्थान नाही. तरीही ती मंगळुरात बाजारात, नाटकात, यक्षगानात आणि चित्रपटात ऐकू येते, आणि मुंबई-ठाण्यातल्या तुळू कुटुंबांनी ती इथेही बऱ्यापैकी राखली. तिचा प्रदेश सलग आहे, त्यात मोठे शहर आणि बंदर आहे, आणि वेगवेगळ्या धर्म-जातींच्या लोकांना परस्पर व्यवहारासाठी ती लागते. एकोणिसाव्या शतकात बासेल मिशनने तिच्यात छपाई सुरू केली, तीही कन्नड लिपीत. गोंडीच्या वाट्याला असे शहर आले नाही. नागपूर, चंद्रपूर, जबलपूर या गोंडांच्या इतिहासाशी जोडलेल्या शहरांत गोंडीची गरज असलेला एकही व्यवहार आज उरलेला नाही.

## “पण तिला लिपी कुठे आहे?”

हा आक्षेप सर्वांत आधी येतो आणि तो सर्वांत दुबळा आहे. मराठी देवनागरीत लिहितात, हिंदी आणि नेपाळीही देवनागरीतच लिहितात. कोकणी तर देवनागरी, रोमी, कन्नड अशा अनेक लिप्यांमध्ये लिहिली गेली आणि तरीही १९८७ मध्ये गोव्याची राजभाषा झाली. लिपी स्वतंत्र असणे ही भाषा असण्याची अट नाही.

शिवाय गोंडीची अडचण लिपी नसण्याची नसून लिप्या जास्त असण्याची आहे. बालाघाटचे मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली एक लिपी तयार केली. आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाळा गावात जुनी हस्तलिखिते सापडली, त्यांची लिपी वेगळी आहे. या दोन्ही लिप्यांना संगणकीय अक्षरसंचाच्या युनिकोड या जागतिक प्रमाणात अनुक्रमे २०१७ आणि २०१८ साली स्थान मिळाले. त्याखेरीज गोंडी देवनागरीत, तेलुगू लिपीत आणि ओडिया लिपीतही लिहिली जाते. एका भाषेचे वाचक इतक्या लिप्यांमध्ये वाटले गेले, की कोणत्याही एका लिपीतल्या पुस्तकाला पुरेसा वाचक मिळत नाही. स्वतःची लिपी ही अस्मितेची खूण म्हणून मोलाची असते, हे खरे. संतालीच्या ओल चिकी लिपीने ते दाखवूनही दिले. पण ज्या मुलाला शाळेत देवनागरी शिकावीच लागते, त्याच्या पहिल्या गोंडी पुस्तकासाठी देवनागरी हा अधिक जवळचा रस्ता आहे, असे माझे मत आहे. हे मत सर्व गोंडी कार्यकर्त्यांना मान्य होणार नाही, याची मला जाणीव आहे.

## “या तर बोली आहेत, भाषा नव्हेत”

बोली म्हणजे एखाद्या भाषेचे प्रादेशिक किंवा सामाजिक रूप. वऱ्हाडी ही मराठीची बोली आहे, कारण तिचे व्याकरण आणि शब्दसंग्रह मराठीशी सलग जोडलेला आहे. गोंडी किंवा कोलामी या मराठीच्या बोली असूच शकत नाहीत, कारण त्यांचे कुळच वेगळे आहे. सरकारी कागदपत्रांत आणि वर्तमानपत्रांत त्यांना सरसकट “आदिवासी बोलीभाषा” म्हटले जाते, तेव्हा वऱ्हाडी-अहिराणीच्या रांगेत त्या बसवल्या जातात आणि मुलाला मराठी समजायला थोडा वेळ लागेल, एवढाच त्याचा प्रश्न आहे असा समज होतो.

गोंडीच्या स्वतःच्या बोली मात्र बऱ्याच आहेत, आणि बैतुल-मंडल्याकडची गोंडी व दक्षिण बस्तरची गोंडी बोलणारे एकमेकांना सहज समजत नाहीत. प्रमाण गोंडी ठरवण्याचे प्रयत्न यातूनच सुरू झाले. निरनिराळ्या राज्यांतल्या गोंडी भाषकांच्या बैठका होऊन सुमारे तीन हजार शब्दांचा कोश २०१८ साली हम्पीच्या कन्नड विद्यापीठातर्फे प्रकाशित झाला. असे काम कोणत्याही प्रमाण भाषेच्या जडणघडणीत करावेच लागते. मराठीनेही ते एकोणिसाव्या शतकात केले.

## धड मोठी नाही, धड लहान नाही

राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आज २२ भाषा आहेत. सुरुवातीला १४ होत्या. सिंधी १९६७ मध्ये, कोकणी, मणिपुरी आणि नेपाळी १९९२ मध्ये, तर संताली, बोडो, मैथिली आणि डोग्री २००३ मध्ये आल्या. संख्येचा निकष लावला तर २०११ च्या आकड्यांप्रमाणे गोंडीचे भाषक या २२ पैकी सात भाषांपेक्षा जास्त आहेत: संस्कृत, बोडो, मणिपुरी, कोकणी, डोग्री, सिंधी आणि नेपाळी. अनुसूचीत यावे अशी मागणी असलेल्या ३८ भाषांची यादी केंद्रीय गृह मंत्रालयाकडे आहे. तीत गोंडी, कुडुख, तुळू आणि कोडवा या चारही आहेत. प्रवेशाचे निश्चित निकष मात्र ठरलेले नाहीत. त्यासाठी १९९६ आणि २००३ साली समित्या नेमल्या गेल्या, तरीही ते ठरले नाहीत.

दुसऱ्या टोकाला अगदी लहान भाषांसाठी एक योजना आहे. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने २०१३ मध्ये संकटग्रस्त भाषांच्या नोंदणीचे आणि जतनाचे काम हाती घेतले, पण त्याची मर्यादा दहा हजारांहून कमी भाषक ही आहे. तोडा त्यात बसते. गोंडी, कुडुख, कोलामी, माल्तो बसत नाहीत. मदतीच्या एका दारात त्या पुरेशा महत्त्वाच्या ठरत नाहीत आणि दुसऱ्या दारात पुरेशा संकटात सापडलेल्या ठरत नाहीत. लाख ते तीस लाख भाषक असलेल्या भाषांचे असे मधल्या मध्ये अडकणे मला सर्वांत चुकीचे वाटते, कारण अजून काही करता येईल अशी अवस्था नेमकी याच भाषांची आहे. त्यांच्यात अजून मुले बोलत आहेत.

अनुसूची मिळाली की सर्व काही साधेल, असेही नाही. अनुसूचीतल्या भाषेच्या साहित्याचा विषय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत घेता येतो, साहित्य अकादमीची दखल मिळते, प्रतिष्ठा वाढते. पण सिंधी १९६७ पासून अनुसूचीत असूनही उल्हासनगरच्या घरांतली तरुण पिढी हिंदीकडे वळलेली दिसते, कारण तिला लागणारा भूप्रदेश आणि शाळा तिच्यापाशी नाही. मानाच्या यादीपेक्षा पहिलीचा वर्ग अधिक निर्णायक असतो.

## शाळेत काय झाले, काय होऊ शकते

गोंडीतून शिकवण्याचा प्रयोग नवा नाही. १९४० मध्ये जोडेघाट येथे निजाम राजवटीविरुद्ध लढणारे गोंड नेते कुमराम भीम मारले गेल्यानंतर, गोंडांमधल्या असंतोषाची कारणे शोधण्यासाठी निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना आदिलाबादला पाठवले. त्यांच्या पुढाकाराने मारलावाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र निघाले आणि गोंडी वाचनपुस्तके तयार झाली, तीही देवनागरीत, कारण त्या भागात मराठीचा वावर होता. स्वातंत्र्यानंतर राज्यांची फेररचना झाली, शाळेची भाषा तेलुगू झाली आणि तो प्रयोग मागे पडला.

पुढे आंध्र प्रदेशाने २००४ पासून आठ भाषांत प्राथमिक वर्ग सुरू केले, त्यांत गोंडी, कोया, कुवी, कोंडा आणि कोलामी या पाच द्रविड भाषा होत्या. ओडिशाने २००६-०७ पासून दहा आदिवासी भाषांत असेच काम उभे केले आणि नंतर भाषांची संख्या वाढवली. पहिली एक-दोन वर्षे घरच्या भाषेत वाचायला शिकायचे, त्याच वेळी राज्याची भाषा तोंडी सुरू करायची आणि पाचवीपर्यंत तिच्यावर प्रभुत्व आणायचे, अशी ही पद्धत आहे.

महाराष्ट्रात सर्वांत चर्चित ठरलेले उदाहरण धानोरा तालुक्यातल्या मोहगावचे. तिथल्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतःहून सुरू केली. पुढे शिक्षण विभागाने तिला मान्यता नसल्याची नोटीस बजावली आणि प्रकरण न्यायालयात गेले. शिक्षणहक्क कायद्याचे कलम १८ सांगते, की मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही. त्याच कायद्याचे कलम २९ सांगते, की शक्य तेथवर शिक्षणाचे माध्यम मुलाची मातृभाषा असावे. राज्यघटनेचा अनुच्छेद ३५० क, जो १९५६ सालीच घातला गेला, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा, असे सांगतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह आहे. तत्त्वाच्या पातळीवर विरोध कुणाचाच नाही. अडते ते “शक्य तेथवर” या दोन शब्दांपाशी, कारण गोंडी येणारा शिक्षक नेमणे, त्याच्यासाठी पद निर्माण करणे आणि पुस्तक छापणे हे शक्य आहे की नाही, हे ठरवणारे गोंडी बोलणारे नसतात.

## “पालकांनाच मराठी आणि इंग्रजी हवी असेल तर?”

हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. तहसील कार्यालयात, दवाखान्यात, बँकेत गोंडी चालत नाही, हे ज्या बापाने आयुष्यभर अनुभवले, तो मुलाशी मराठीत बोलू लागला तर त्याला दोष देण्याचा अधिकार शहरात बसून मराठीत लेख लिहिणाऱ्याला नाही. मात्र या निर्णयामागे एक गृहीतक असते: मुलाच्या डोक्यात एका वेळी एकच भाषा मावते, म्हणून एक काढल्याशिवाय दुसरी घालता येत नाही. आदिलाबाद, यवतमाळ आणि बस्तरच्या बाजारांत गोंडी, मराठी, तेलुगू, हलबी अशा तीन-तीन भाषा सहज बोलणारी निरक्षर माणसे पिढ्यान्‌पिढ्या वावरत आली आहेत. दुसरी भाषा शिकल्यामुळे पहिली जात नाही. पहिली घरात बोलणे थांबवल्यामुळे ती जाते, आणि घरात थांबवण्याचा निर्णय बहुतेक वेळा शाळेत मुलाला गप्प बसावे लागल्यामुळे किंवा त्याच्या बोलण्याला हसले गेल्यामुळे होतो.

मराठीच संकटात असताना आम्ही गोंडीची चिंता का करावी, असेही विचारले जाते. २०११ मध्ये मराठीचे ८ कोटी ३० लाख भाषक होते, तिच्यापाशी राज्य, विधिमंडळ, विद्यापीठे आणि वृत्तपत्रे आहेत आणि २०२४ मध्ये तिला अभिजात दर्जाही मिळाला. इंग्रजी आणि हिंदीच्या दाबाविरुद्ध आपण जे युक्तिवाद करतो, ते सगळे गोंडी आणि कोलामी भाषक मराठीविरुद्ध शब्दही न बदलता करू शकतात. चंद्रपूरच्या नाईकी भाषकांपैकी बहुतेक जण तर मराठीकडे वळून गेलेले आहेत. आणि स्वार्थ पाहायचा तरी कारण आहे. ऐकणाऱ्याला धरून “आपण” आणि त्याला वगळून “आम्ही” हा मराठीतला काटेकोर भेद हिंदीत नाही, पण द्रविड भाषांत तो जुना आहे, आणि तो मराठीत त्यांच्या सहवासाने रुजला असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या सहवासाचा उत्तरेकडचा साक्षीदार तमिळ नव्हे. विदर्भातल्या या लहान भाषाच तो आहेत.

## येत्या जनगणनेत काय पाहावे

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ही जाहीर झालेली आहे. मातृभाषेच्या प्रश्नाचे उत्तर देताना अनेक आदिवासी कुटुंबांत “मराठी लिहा” किंवा “हिंदी लिहा” असे सांगितले जाते, कधी संकोचाने, तर कधी प्रगणकाने गृहीत धरल्यामुळे. आईने बालपणी कोणती भाषा बोलली, असा प्रश्न नेमक्या शब्दांत विचारला गेला, तर उत्तर बदलू शकते. निकाल आल्यावर गोंडीचे भाषक तीस लाखांवरून वाढले की घटले, एवढेच पाहून काही कळणार नाही. जमातीच्या लोकसंख्येशी त्याचे प्रमाण चारास एक राहिले, की पाचास एक झाले, हे पाहावे लागेल. कोलामीसाठीही तसेच करावे लागेल. २०११ च्या जनगणनेतले भाषांचे तक्ते प्रसिद्ध व्हायला २०१८ साल उजाडले होते. या वेळी गणना अंकीय पद्धतीने होणार असल्याने ते लवकर येतील अशी अपेक्षा आहे, पण भामरागडच्या पहिलीच्या वर्गात गोंडी येणारा शिक्षक नेमण्यासाठी त्या तक्त्यांची वाट पाहण्याची गरज नाही. तिथल्या मुलांची घरची भाषा कोणती, हे त्या शाळेला आजच माहीत आहे.